बोललेला भाव

१२ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

अनेक आशीर्वाद. घ्यायचे की परत पाठवायचे ते तुम्ही बघा. मोठ्या वहिनीने लिहायचे असतात म्हणून लिहिले. तुम्ही सगळे खुशाल असाल. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. गोठ्याच्या मागच्या भिंतीचा गिलावा पडला होता, तो करून घेतला. लाल गाय म्हातारी झाली, तरी अजून दूध देते आणि लाथही मारते. माझा उजवा गुडघा दुखतो, पण त्याचं ऐकायला वेळ कुणाला आहे?

पत्र बघून दचकला असाल. इतक्या वर्षांत वहिनीला आजच कशी आठवण झाली, असं मनात येणारच. तसं विशेष काही नाही. फोन केला असता, पण तुम्ही माझा फोन उचलत नाही आणि आमचा फोन ह्यांच्या उशाशी असतो. शिवाय फोनवर तुम्ही गप्प बसलात की मला पुढे काय बोलावं ते सुचत नाही. कागद बरा, तो निदान ऐकून घेतो.

तर यंदा सात वासरं विकायची आहेत. चार कालवडी आणि तीन गोऱ्हे. वर्ष-सव्वा वर्षाची झाली सगळी, अंगाने भरली आहेत. आमचं वर्षभराचं खाणंपिणं ह्या सातांवर आहे हे तुम्हाला सांगायला नको, तुम्हीही त्याच पैशांवर मोठे झालात. मला एवढंच कळवा की तुमच्या बाजारात काट्यावर सध्या किलोला काय दर चाललाय. कालवडीचा वेगळा कळवा, गोऱ्ह्याचा वेगळा.

आता हसा. हसाच. ज्या काट्यापायी ह्या घरात दोन भावांचं बोलणं बंद झालं, त्याच काट्याचा दर वहिनी विचारते आहे! तुम्ही म्हणत होतात, दादा, आता जग वजनावर चालतं, एक काटा आणू. आणि हे म्हणाले होते, जनावर म्हणजे काय कांदे-बटाटे आहेत? मग तुम्ही पिशवी उचलून जे गेलात ते थेट बाजारातल्या काट्याच्या खोलीत जाऊन बसलात. मी असा दर विचारला हे ह्यांना कळलं तर ते मलाच उचलून काट्यावर ठेवतील.

ह्यांची पद्धत अजून तीच आहे. जनावराच्या पाठीवर हात ठेवायचा, थोडा वेळ उभं राहायचं आणि भाव बोलायचा. एकदाच. बोलले की बोलले, मग वर नाही आणि खाली नाही. अजूनही लोक आपापली वासरं घेऊन आमच्या दारात येतात. घेणारा आणि विकणारा दोघंही येतात, हे भाव बोलतात, दोघं मान डोलावतात आणि चहा पिऊन जातात. चहा अर्थात मी करते.

ह्यांची तब्येत उत्तम आहे. अगदी उत्तम. रोज सकाळी धुतलेला सदरा घालून गोठ्यात जातात. बोलतात थोडं कमी, पण ते कधी फार बोलत होते?

दर फक्त माहिती असावा म्हणून विचारला. उत्तर घरी पाठवू नका, पेंडवाल्याच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवा. मी तिथे जातेच.

तुमची वहिनी


२७ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

आशीर्वाद. तुमचं उत्तर मिळालं. उत्तर म्हणजे काट्याची एक पावती आणि तिच्या मागे दोन आकडे. ना प्रिय, ना नमस्कार, ना कशी आहेस वहिनी. आकडे मात्र ठसठशीत काढलेत, शंकेला जागा नाही. तेवढ्याबद्दल आभार मानते.

मी वजन कसं केलं ते ऐका. हे दुपारी पडले की मी शिवणाची टेप घेऊन गोठ्यात जायची. छातीचा घेर घ्यायचा, मानेपासून शेपटीपर्यंत लांबी घ्यायची. घेराला घेरानेच गुणायचं, त्याला लांबीने गुणायचं, मग ठरलेल्या आकड्याने भागायचं. ही रीत तुम्हीच मला कधीतरी भिंतीवर कोळशाने काढून दाखवली होती. धाकटा गोऱ्हा टेप खायला बघतो. ठिपकेवाली कालवड मात्र गुणी, पाहिजे तशी उभी राहते, एखाद्या मुलीला झबलं शिवायला माप द्यायचं असावं तशी.

पण नुसतं वजन धरून भाव होत नाही, एवढं मलाही कळतं. गोऱ्हा किलोवर जाईल, कालवड कशी जाईल? कालवड घेणारा तिच्या आईचं दूध घेत असतो. म्हणून लाल गायीच्या कालवडीला थोडे चढवले. एकीचा मागचा खूर जरा वाकडा आहे, तिचे उतरवले. पेंड, वैरण, डॉक्टर ह्यांचा खर्च काढून पाहिला. घेऊन जाणाऱ्याला गाडीभाडं पडतं, तेही मनात धरलं. हे नेहमी म्हणतात ना, विकणाऱ्याने फाटकापर्यंत आणि घेणाऱ्याने घरापर्यंत पस्तावू नये, तो रास्त भाव. तसा सगळीकडून विचार करून कालवडीला सरासरी चाळीस हजार आले. गोऱ्ह्याला त्याहून थोडे कमी.

हा सगळा उद्योग कशासाठी, असं विचाराल. तेच सांगते.

परवा खोकल्या आला. तुमच्या वेळचा व्यापारी नव्हे, हा नंतरचा. भाव पाडायच्या आधी खोकतो, म्हणून मी त्याला खोकल्या म्हणते. माणूस वाईट नाही. दरवर्षी आमची वासरं तोच नेतो, आणि ह्यांच्यासमोर मात्र कधी खोकत नाही. हे गोठ्यात गेले, ठिपकेवालीच्या पाठीवर हात ठेवला. मी दारात दूध गाळत होते.

"चार हजार," हे म्हणाले.

माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली. खोकल्या म्हणाला, "दादा, चाळीस ना?"

"चार. बोललो ना."

अहो, चार हजारात आज एक धड करडू येत नाही! मला वाटलं, हा आता उड्या मारत सातही घेऊन जाणार आणि आपण लुटलो. पण झालं भलतंच. खोकल्याचं तोंड उतरलं. त्याने ठिपकेवालीचा ओठ उचलून हिरड्या बघितल्या, शेपटी उचलली, खूर दाबले, डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली. मग खिशातून रुमाल काढून हात पुसले. चांगले खसाखसा पुसले. "दादा, उपकार झाले," म्हणाला. "दुसऱ्या कुणी माझ्या गळ्यात मारली असती. तुम्ही आधीच सावध केलंत." आणि चहा न घेता गेला. चहा न घेता आमच्या दारातून परत गेलेला तो पहिलाच माणूस.

त्याचंही चुकलं म्हणता येत नाही. एकदा असं झालेलं आहे. उतारावरच्या माणसाचा गोऱ्हा होता, तुळतुळीत, बघत राहावं असा. ह्यांनी त्याच्यावर हात ठेवला आणि कातड्याचा भाव बोलले. लोक हसले. पंधरवड्यात गोऱ्हा मेला, पोटात गाठ निघाली. तेव्हापासून ह्यांनी कमी भाव बोलला की लोक जनावरात खोट शोधतात. ह्यांच्यात कोण शोधणार?

ह्यांना हल्ली डोळ्याने कमी दिसतं. मोतीबिंदू असावा. त्यामुळे होतं असं कधीकधी. काळजीचं कारण नाही.

तुमची वहिनी


११ मार्च

भाऊजी,

मोतीबिंदूचं मी खोटं लिहिलं. डोळे ठणठणीत आहेत. भाव डोळ्याने नाही, हाताने बोलतात, हे तुम्हाला माहीत आहे, म्हणजे तुम्ही ते वाचतानाच ओळखलं असणार. तरी तुमच्याकडून एक ओळ आली नाही.

आधी वासरांचं लिहिते. आमच्या गोठ्यात रोग आहे असं सगळीकडे झालं आहे. खोकल्याने मुद्दाम काही केलं नसेल, एका माणसाला सांगितलं असेल, पण वाऱ्याला काय पाय लागतात? दूध नेणारा आमचा कॅन गाडीत वेगळा ठेवतो. शेजारीण तिच्या गायी आता आमच्या बाजूच्या हौदावर आणत नाही, लांबून नेते आणि मला बघून हसते. ते हसणं मला शिवीपेक्षा झोंबतं. मी जनावरांच्या डॉक्टरला आणलं. त्याने सातही तपासली, रक्त नेलं, शहरात पाठवलं, सगळं स्वच्छ असल्याचा शिक्क्याचा कागद दिला. तो कागद घेऊन मी स्वतः खोकल्याकडे गेले. तो म्हणाला, "ताई, डॉक्टर कागदावर बोलतो. दादा हात ठेवून बोलतात. मी कुणाचं धरू?"

माझ्याच नवऱ्याची अब्रू माझ्यासमोर भिंत होऊन उभी राहिली.

एक जण आला होता, कातड्याच्या भावाने सगळी उचलतो म्हणाला. मी त्याला फाटकाबाहेर काढलं. पण वैरण संपत आली आहे आणि ही सात तोंडं रोज वाढत्या भुकेची. आणखी दोन महिने गेले तर गोऱ्हे दांडगे होतील, आवरायचे नाहीत. कालवडी वयात येतील आणि रोगाच्या भीतीने कुणी त्यांना आपला वळू दाखवायलाही तयार होणार नाही. आज आहे तो भावही मग राहणार नाही.

आता ह्यांचं लिहिते. लिहायचं टाळत होते, कारण कागदावर आलं की खरं होतं असं मला वाटत होतं.

भाऊजी, तुमच्या दादांचं डोकं आता ठिकाणावर राहत नाही. पहिल्यांदा मला वाटलं वय आहे, विसरतात. गेल्या थंडीत गोठ्यातून आले आणि म्हणाले, बांडी कुठे गेली, तिला सोडली कुणी? बांडी गाय मरून किती वर्षं झाली. मी म्हटलं, चरायला गेली. ते संध्याकाळपर्यंत फाटकाशी उभे. तेव्हापासून बांडी रोज चरायला जाते. सदऱ्याची बटणं मी लावते. चपला मी समोर ठेवते. लोक आले की हे ताठ बसतात, "या, बसा, पाऊसपाणी काय म्हणतंय" एवढं व्यवस्थित बोलतात, आणि मी लगेच चहा पुढे करून माणसाला वाटेला लावते. असं करत करत इतके महिने निभावलं.

मागच्या आठवड्यात मी ताट वाढत होते. मला म्हणाले, "तुम्ही फार चांगलं काम करता हो. आमच्याकडे कधीपासून आहात?" मला, अहो! जन्मात मला कधी 'तुम्ही' म्हणाले नव्हते. मी म्हटलं, झाली बरीच वर्षं. "पगार वेळेवर मिळतो ना?" म्हणाले. मी हो म्हटलं आणि आत जाऊन नळ सोडून रडले.

पण हात शहाणा आहे. पाठीवर ठेवला की ठिपकेवाली चांगली, वाकड्या खुराची हलकी, हे आजही बरोबर सांगतात. चूक फक्त आकड्यात आहे. मी ह्या घरात आले त्या वर्षी उत्तम कालवड चार हजाराला जात होती. सगळे आकडे त्या वर्षाचे आहेत. भाव बरोबर आहे भाऊजी, वर्ष चुकलंय.

म्हणून हे पत्र. पोटी कुणी असतं तर त्याला लिहिलं असतं. नाही, म्हणून तुम्हाला लिहिते. एक दिवस या. खोकल्याला मी हातापाया पडून शेवटचं एकदा यायला राजी केलं आहे, येत्या रविवारी सकाळी. तुम्ही ह्यांच्या शेजारी उभे राहा. ह्यांनी हात ठेवायच्या आत तुम्ही ठेवा आणि भाव तुम्ही बोला. तुमच्या काट्याचाच बोला, माझी हरकत नाही. लोक समजतील, थोरल्याने काम धाकट्याच्या हवाली केलं, भाऊ एक झाले. मागचं चार हजारही खपून जाईल. दादा थट्टेत बोलले होते, असं तुम्ही हसून म्हणालात की झालं. तुमचं ऐकतील, तुम्ही काट्यावरचे. झाकली मूठ झाकलेली राहील. मी हे बोलू शकत नाही. मी गोठ्यात जन्म काढला, तरी मी बोलले की फक्त एकच गोष्ट सिद्ध होणार, की हे बोलू शकत नाहीत.

जेवायला थांबा. नसेल थांबायचं तर नका थांबू. ह्यांच्याशी बोलायलाच पाहिजे असंही नाही. कदाचित ओळखणार नाहीत, म्हणजे भांडणही आठवणार नाही. तुम्हाला सोपं जाईल.

रविवारी सकाळी. वाट बघते.

वहिनी


२ एप्रिल

भाऊजी,

आला नाहीत.

मी पहाटेच गोठा धुतला होता. ह्यांना तो निळा सदरा घातला. सकाळच्या दोन्ही बस फाटकावरून गेल्या, दुसरी थांबली, तिच्यातून शाळेची बाई उतरली. हे विचारत होते, "कोण यायचंय?" मी म्हणत होते, येतील, येतील. मग खोकल्या आला.

मी सात वेळा मनात म्हटलं की हे बोलायच्या आधी आपणच काहीतरी बोलावं. पण हे पुढे झाले, ठिपकेवालीच्या पाठीवर हात ठेवला, थोडा वेळ उभे राहिले, नेहमीसारखे. किती रुबाबदार दिसत होते म्हणून सांगू. "चार हजार," म्हणाले.

खोकल्याने माझ्याकडे बघितलं. बघा, मी म्हणत होतो ना, अशा नजरेने. आणि वळला. तो फाटकाबाहेर गेला असता की सगळं संपलं होतं. ही सातही कातड्याच्या भावात गेली असती.

"थांबा," मी म्हटलं. "ह्यांचा बोल आता धरू नका. वासरांना काही झालेलं नाही. ह्यांच्या डोक्याला झालंय. थंडीपासून असंच आहे. ह्यांना कालचं आठवत नाही, आजचा भाव कुठून आठवणार?"

असं बोलले मी. ह्यांच्यासमोर. आडोशाला नेऊन सांगता आलं असतं, पण खोकल्याने ते बाईचं कारस्थान समजलं असतं. ह्यांच्यासमोर म्हटलं तरच खरं वाटणार होतं.

मला वाटलं होतं, ह्यांना कळणारच नाही. तेवढ्याच आशेवर मी तोंड उघडलं. पण कळलं, भाऊजी. त्या घटकेला नेमकं सगळं कळलं. हात पाठीवरून काढला. माझ्याकडे बघितलं, मला नावाने हाक मारली, किती महिन्यांनी, आणि खोकल्याला म्हणाले, "ही म्हणते ते खरं असेल. हिचा बोल धरा." आणि बाहेर जाऊन पालथ्या घातलेल्या बादलीवर बसले. आवाज चढवला नाही. मला एक शब्द लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

पुढचं सगळं मी केलं. ठिपकेवालीचे इतके, लाल गायीच्या कालवडीचे इतके, वाकड्या खुराचे इतके. खोकल्या खोकला, म्हणजे त्याला पटलं. दोघांनी थोडं थोडं सोडलं आणि जमलं. रास्त भाव मिळाला. तुम्हाला ठाऊकच आहे, कारण सातही वासरं तुमच्याच काट्यावर चढली. मला खोकल्याने वजनं सांगितली. माझ्या टेपेत आणि तुमच्या काट्यात फार फरक नव्हता.

पण तिथे थांबलं नाही. मी येडी, मला वाटलं एका माणसाला सांगितलं, एका व्यवहारापुरतं. दुसऱ्या दिवसापासून लोक यायला लागले. समाचाराला येतात, बसतात, हळहळतात आणि मग हळूच विचारतात, "कधीपासून हो?" मी सांगते, गेल्या थंडीपासून. ते बोटांवर मागे मोजतात. उतारावरची विधवा बाई तीन वर्षांपूर्वी ह्यांच्या बोलावर गाय विकून बसली, तिला आता वाटतं तेव्हाच काहीतरी असणार. ज्या दोघा भावांची जनावरं ह्यांनी वाटून दिली होती, ते पुन्हा हमरीतुमरीवर आलेत. एक जण तर म्हणाला, मला दहा वर्षांपूर्वीच शंका आली होती. दहा वर्षांपूर्वी! तेव्हा ह्याच माणसाने ह्याच ओट्यावर बसून दोन कप चहा प्याला होता. मी वासरांचा भाव वाचवला आणि ह्यांनी जन्मभर बोललेले सगळे भाव मीच बुडवले. एकसुद्धा उभा राहिला नाही.

एकच माणूस ते उभे करू शकला असता. खोकल्याने मला सांगितलं, त्याने तुम्हाला काट्यावर विचारलं होतं. "तुमचे दादा आधी तरी बरोबर असायचे ना?" आणि तुम्ही म्हणालात, "काट्यावर येतं तेवढंच मी सांगतो."

मला माहीत आहे, भाऊजी. तुम्ही घरात असताना ह्यांनी बोललेली जनावरं गुपचूप बाजारात नेऊन तोलून बघायचात. ह्यांना खोटं पाडायला. येताना काही बोलायचा नाहीत, जेवायचा नाहीत. मी तुमची पावती एकदा सदरा धुताना बघितली होती. ह्यांचा भाव काट्याला धरून होता. प्रत्येक वेळी असायचा. तुम्ही घर सोडलंत ते दादांनी काटा आणू दिला नाही म्हणून नव्हे, काट्याने तुमची बाजू घेतली नाही म्हणून. हे मी ह्यांना कधी सांगितलं नाही. तुमची अब्रू मी झाकली. तुम्हाला एक 'हो' म्हणायचं होतं.

असो. आता तुम्ही येऊन सांगितलंत तरी लोक म्हणतील, भाऊच तो, भावाचंच बोलणार. तेही दार बंद झालं.

हे आता गोठ्यात जात नाहीत. कुणी काही विचारलं की आधी माझ्याकडे बघतात. शेजारणीने परवा विचारलं, दादा, जेवलात का? तर माझ्याकडे वळून म्हणाले, "काय बोलू?" पाणी हवं का म्हटलं तरी, "काय बोलू?" मी म्हणते, हो बोला, की हो म्हणतात. एवढा बोलाचा माणूस.

स्वतःहून एकच गोष्ट विचारतात. रोज संध्याकाळी, बादलीवर बसून. "धाकट्याने तोललं का? बरोबर आलं का?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. तुम्ही तोलून बघता, हे त्यांना सगळी वर्षं माहीत होतं आणि ते बोलले नाहीत. बाकी सगळं गेलं, एवढं डोक्यात राहिलं आहे. मी सांगते, हो, तोललं, बरोबर आलं. पण माझं ऐकून समाधान होत नाही. म्हणतात, "तुला कसं माहीत? त्याने कळवलं का?"

म्हणून शेवटचं मागते. एक पाकीट पाठवा. ह्या वेळी पेंडवाल्याकडे नको, घरी पाठवा. वर ह्यांचं नाव घाला, तुमच्या हाताने. ते अक्षर बघून कदाचित ओळखतील. आत काही लिहायचं तुमच्या मनात नसेल तर लिहू नका. कोरा कागद घाला. तुम्ही काय लिहिलंय ते मी त्यांना वाचून दाखवीन.

तुमची वहिनी,
जिचा बोल आता ह्या घरात धरतात